रत्नीचा पान्हा

"ऊठ तिथनं," आक्का गोठ्याच्या दारातून म्हणाल्या. "तुझा हात लागला की ती आटती."

मी रत्नीच्या कासेखाली उकिडवी बसले होते. गुडघ्यांत धरलेल्या चरवीच्या तळाशी दूध होतं, पण ते घरच्या चहालासुद्धा पुरलं नसतं. रत्नी मागचा एक पाय उचलायची, टेकवायची, लगेच दुसरा उचलायची. रेडकू ढुशा देऊन देऊन दमलं होतं. सड मऊ होते, कास टम्म भरली होती, आणि पान्हा काही सुटत नव्हता.

"अजून थोडं बघते, आक्का."

"बघतीयासच की रोज. आमच्या चंपाचा हात होता तंवर चरवी भरून वर फेस यायचा. तू आलीस, चंपा पडली, आणि म्हशीनं पान्हा चोरला. आता ह्यात बघायचं काय ऱ्हायलंय?"

मी चरवी घेऊन उठले. त्या म्हणत होत्या त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चंपा म्हणजे आत्ती, माझ्या सासूबाई. मी आले होते, आत्ती पडल्या होत्या, आणि रत्नीचं दूध आटलं होतं. अगदी याच क्रमानं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी सांगलीत वाढलेली, बी.एस्सी., बी.एड. झालेली, कृष्णाकाठच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. शेजारच्या गावातल्या पाटलांचं स्थळ आलं आणि मार्गशीर्षात लग्न होऊन मी त्या घरात गेले. माझे यजमान अजित इचलकरंजीत सूतगिरणीत होते, रविवारी तेवढे घरी यायचे. बाकी घरात मामा, म्हणजे माझे सासरे बाबगोंडा पाटील, त्यांची थोरली बहीण आक्का, ज्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या, आणि आत्ती. आमच्याकडच्या जैनांच्या घरांत सासूला आत्ती म्हणतात.

आत्तींनी मला हळद उतरेपर्यंतसुद्धा उसंत दिली नाही. लग्नाचे पाहुणे जायच्या आत त्यांनी मला गोठ्यात नेऊन बसवलं. "शीक," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोठीची किल्ली हातात दिली आणि कुठल्या डब्यात काय, ते एकदाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी वर्षाची डाळ कशी करायची, चातुर्मासात काय चालतं, काय नाही, कुणाच्या घरी काय देणं, कुणाचं काय घेणं. मी विसरले की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "पुन्हा पुन्हा सांगायला मी बसणार न्हाई," असं त्या म्हणायच्या. शाळेतून थकून यावं आणि चप्पल काढायच्या आत हाक यावी. माझी आई फोनवर विचारायची, सासू कशी आहे गं? मी म्हणायची, चांगली आहे, कडक आहे. फोन ठेवला की डोळे भरून यायचे.

लग्नाला पंधरा-एक दिवस झाले असतील. आत्ती रत्नीची धार काढून उठत होत्या. मी दारात होते. त्यांनी गव्हाणीच्या लोखंडी पाइपाला धरलं, आणि एकदम मागे फेकल्यासारख्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. "चक्कर आली," एवढंच त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. प्लास्टर चढलं, हात गळ्यात आला, आणि दोन्ही म्हशींची धार माझ्याकडे आली. दुसरी म्हैस सोनी. तिची काही तक्रार नव्हती. ती मुकाट्यानं दूध द्यायची. अडलं होतं ते रत्नीपाशी, आणि रत्नी तर घरातली मोठी दुभती.

ती कधी अगदीच देत नव्हती असंही नाही. एखाद्या दिवशी अवचित चरवी भरायची. मग मला वाटायचं, जमलं मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उपाय सगळ्यांनी केले. एका सोमवारी तर सगळ्यांचे उपाय एकदमच झाले. मामांनी सकाळी पेंड बदलली. दुपारी गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी कास चाचपली, दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेली नाही म्हणाले, आणि एक इंजेक्शन दिलं. आक्कांनी मीठ-मिरची उतरून चुलीत टाकली. मग आत्तींचं एक जुनं इरकली लुगडं आणून मला म्हणाल्या, "हे नेस. तिला चंपाचा वास येऊ दे." मी नेसले. संध्याकाळी गोठ्यात अंधारून आलं होतं, सकाळपासून लाइट नव्हती म्हणून आक्का कंदील धरून उभ्या राहिल्या. मी सडाला हात लावला आणि धार चरवीत वाजायला लागली. भरली चरवी! वर फेस.

"पेंडंनं केलं," मामा म्हणाले.

"पेंडंनं न्हवं, दृष्ट होती," आक्का म्हणाल्या.

मला मनातून वाटत होतं, इंजेक्शननं केलं. आणि लुगड्याचंही काही असेल असं वाटून मी ते दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नेसले. तीच पेंड, तेच लुगडं, तीच मी. रत्नीनं पाय उचलले, टेकवले, आणि वाटीभर दूध दिलं.

त्या आठवड्यात दलाल येऊन रत्नीला बघून गेला. मामांनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर जेवणाच्या ताटावरून उठून गेले. चालताना मुंगी दिसली तर पाऊल लांबवणारा माणूस तो. दूध न देणारी म्हैस बाजारातून पुढं कुठं जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

"बाबगोंडा, दुसरा एक मार्ग हाय," आक्का त्या दिवशी म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते, पण त्यांनी आवाज काही कमी केला नाही. "हिला थोडं दिवस माहेरी धाडा. बघू दूध येतंय का."

मामा उठून अंगणात गेले. आत्ती खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या, त्यांनी आक्कांना अडवलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. रत्नी बाजाराला निघाली होती आणि मी सांगलीला. एकदा अशा कारणानं माहेरी गेलेली मुलगी सासरी परत येते का, आणि आली तर कुठला शिक्का घेऊन येते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीचा तास होता. धडा प्रयोगाचा. मुलांनी गटागटानं कुंड्यांत मटकी पेरून आणली होती. एका गटानं सूर्यप्रकाशाचा परिणाम दाखवायचा होता. त्यांनी एक कुंडी खिडकीत ठेवली होती आणि एक कपाटात. खिडकीतली हिरवीगार, कपाटातली वाळून गेलेली.

"बघा बाई," गटाचा म्होरक्या म्हणाला, "ऊन नाही मिळालं, वाळली."

मागच्या बाकावरची तहसीन उभी राहिली. "बाई, हे पाणी फक्त खिडकीतल्या कुंडीला घालत होते. कपाटाला कुलूप असायचं."

वर्ग हसला. म्होरक्या चिडला. "मग काय झालं? ऊन तर नव्हतंच ना तिला!"

"पण पाणी पण नव्हतं," तहसीन म्हणाली. "मग कशानं वाळली ते कसं कळणार?"

फळ्यावर मीच खडूनं लिहिलं होतं: चल म्हणजे बदलणारी गोष्ट. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावा, बाकी सर्व समान ठेवावे. दरवर्षी लिहीत होते. मुलं वहीत उतरवत होती, परीक्षेत तसंच्या तसं लिहीत होती, मी दोन गुण देत होते. त्या दिवशी त्या वाळलेल्या मटकीकडे बघताना मला आमचा गोठा दिसला. पेंड, इंजेक्शन, मीठ-मिरची, लुगडं, सगळं एकाच दिवशी. आणि त्याच्या आधी? मी घरात आले, आत्ती पडल्या, धार काढणारा हात बदलला. सगळं एकामागोमाग. यातल्या कशानं दूध गेलं हे कुणाला कसं कळणार होतं? आक्कांना नाही, डॉक्टरांना नाही, आणि मलाही नाही.

घरी पोचेपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. मामा ओसरीवर दोर वळत बसले होते.

"मामा, रत्नीला सोनीच्या जागी बांधू या. आणि सोनीला रत्नीच्या."

"कशाला गं?"

"बाकी काही बदलायचं नाही. पेंड तीच, वेळ तीच, धार मीच काढीन. फक्त जागा."

"जनावर जागेला सोकावलेलं असतंय, पोरी. दोघी बिथरतील."

"चार दिवस बिथरतील. मग शांत होतील. बाजार आठवड्यावर आहे, तेवढा वेळ द्या मला."

आक्का आतून आल्या. "आता हीच सांगणार व्हय आम्हाला म्हशी कुठं बांधायच्या ते?"

मामांनी दोराला आणखी एक पीळ दिला. तेवढ्यात खाटेवरून आत्तींचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी एवढा मोठा.

"बांधू द्या तिला."

गोठा लांबट होता. आतल्या टोकाला रत्नी असायची. तिथं भिंतीलगत गव्हाण, गव्हाणीवर आडवा लोखंडी पाइप, आणि पाइपाला साखळी. दाराकडच्या टोकाला सोनी, लाकडी खुंट्याला सुती दाव्यानं बांधलेली. मामांनी आणि मी मिळून दोघींची अदलाबदल केली. सुरुवातीला दोघीही हंबरल्या, रत्नी तर दावं ओढत राहिली. मग ती वैरणीला तोंड लावायला लागली. मनापासून खायला लागली. आणि एका पहाटे मी तिच्या कासेखाली बसले, रेडकू सोडलं, बाजूला केलं, आणि धार अशी सुटली की मला दोन्ही हातांनी आवरेना.

चरवी घेऊन मी सोनीकडे गेले. सोनी मागचा एक पाय उचलत होती, टेकवत होती, दुसरा उचलत होती. दूध निघालं वाटीभर.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण आक्का दारात होत्या, आणि त्यांनी तेच बघितलं होतं जे मी बघितलं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "एक होती, आता दुसरीवर पण आली सावली. बाबगोंडा, ह्या पोरीला आजच्या आज..."

"आक्का, ऐका तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, ते मलाच कळलं. "सोनीची धार मी पहिल्यापासून काढते. माझा हात लागून आटायची असती, तर ती तेव्हाच आटली असती. रत्नी माझ्याच हाताला आज दूध देतेय. हात तोच आहे. म्हशी त्याच आहेत. बदललीय ती जागा. त्या टोकाला जी उभी राहते, तिचं दूध जातं. काहीतरी आहे त्या जागेत."

मामा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

"जागा खराब झाली म्हंतीस?" ते हळूच म्हणाले. "शांत करून घ्यावी का?"

"आधी बघू या, मामा. काय आहे ते आधी बघू या."

ते वैरण आणायला गेले. आक्का पुटपुटत आत गेल्या. मी सोनीच्या शेजारी उभी राहिले. नुकताच धुतलेला ओला फरशीचा दगड, गव्हाण, पाइप, साखळी, भिंत. बघण्यासारखं काहीच नव्हतं. साप-विंचवाचं बीळ नाही, कसला वास नाही. सोनी पाय उचलत होती. रत्नी तिथं होती तेव्हा तीही पायच उचलायची. खालून काही टोचतं का? मी वाकून दगडावर तळहात फिरवला. गार, ओला, गुळगुळीत.

मग माझं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मी रबरी सपाता घालून उभी होते. टाचांना भेगा होत्या, शेणामुतानं आग व्हायची, म्हणून मी गोठ्यात सपाता घालायची. आत्ती कधीच नाही. लक्ष्मीच्या दारात पायताण कसलं, असं म्हणून त्या चप्पल बाहेर काढूनच आत यायच्या. म्हशी अनवाणी. आत्ती अनवाणी. मी नाही. वैरण टाकायला येणारे मामाही वहाणा घालूनच यायचे.

एकच गोष्ट बदलायची होती. मी सपाता काढल्या.

काही झालं नाही. गार दगड, बस. मी थोडीशी खजीलही झाले. सोनीला जरा मोकळं करावं म्हणून साखळी सोडायला मी पाइपाला हात लावला, आणि बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्यांचं वारूळ फुटलं. हात आपोआप मागे आला. हे काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

"मामा!" मी ओरडले. "मामा, मेन बंद करा! आधी मेन बंद करा!"

ते वैरणीची पेंढी टाकून धावले. मेनचा खटका पडल्याचा आवाज आला. मी सोनीची साखळी सोडली, तिला ओढत अंगणात आणलं, रत्नीलाही बाहेर काढलं, दोन्ही रेडकं काढली. मग मामांना सगळं सांगितलं. ते आत गेले आणि टेस्टर घेऊन आले. मेन पुन्हा चालू केलं. चप्पल घालून, हात लांब करून त्यांनी टेस्टरचं टोक पाइपाला लावलं. टेस्टरच्या पोटातला दिवा लाल झाला.

मामांनी टेस्टर तिथंच टाकला आणि धावत जाऊन मेन पुन्हा बंद केलं.

वायरमन तातोबा तासाभरात आला. पाइपाच्या मागं, भिंतीलगत एक वायर गेली होती. पाइप ज्या पट्टीनं भिंतीला आवळला होता, त्या पट्टीखाली ती चिमटून सोलवटली होती आणि तिथल्या ओलसर भिंतीतून थोडा थोडा करंट लोखंडात झिरपत होता.

"ही कधी ओढलेली?" मी विचारलं.

तातोबानं डोकं खाजवलं. "मीच की. तुमच्याच लग्नाला. मांडवात दिवे लावायला लाइट गोठ्यातनं नेली होती. मांडवाकडचं टोक नंतर तोडून टेप मारली, पण ह्या अंगाला करंट ऱ्हायला. पट्टीखाली चिमटलीय ते काय ध्यानात आलं न्हाई." त्यानं सोललेली तार पक्कडीत धरून दाखवली. "भिंतीत आणि जरा ओल धरली असती, तर पाटील..."

"फुडचं बोलू नकोस," मामा म्हणाले.

म्हणजे मी आणि ती वायर, दोघी एकाच आठवड्यात त्या घरात आलो होतो. माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, तिच्याकडे कुणाचंच नव्हतं. डॉक्टर आले त्या सोमवारी सकाळपासून लाइट नव्हती. म्हणून चरवी भरली होती. पेंड, दृष्ट, इंजेक्शन, लुगडं, यातल्या कशानंच नाही. मधूनच रत्नीनं दूध दिलं ते सगळे दिवस मी आठवत गेले, आणि ज्या ज्या वेळी आठवलं, त्या त्या वेळी गावात लाइट गेलेली होती.

हे मी मामांना सांगत होते तेव्हा गोठ्याच्या दारात आत्ती येऊन उभ्या राहिल्या होत्या. गळ्यात बांधलेला हात, चेहरा पांढराफटक.

"तुझ्या हाताला काय झालं म्हणालीस?"

"मुंग्या आल्या, आत्ती."

"मुंग्या." त्या जवळ आल्या. "कुठपातुर?"

"इथपर्यंत. कोपरापर्यंत."

आत्ती उंबऱ्यावर बसल्या. मी जवळ गेले.

"माझ्या आईला असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या अंगणात. "आधी हातात मुंग्या. मग हात लुळा पडला. मग वाचा गेली. किती वर्षं खाटंवर पडून होती, मी तिचं सगळं केलं. तुझ्या लग्नाच्या आठवड्यात मला मुंग्या सुरू झाल्या. धार काढून उठताना. रोज. मला वाटलं, आला माझा नंबर."

"चंपा," मामा म्हणाले. "मला तरी सांगायचं!"

"काय सांगू? लग्नाचं घर. आणि तुम्ही काय केलं असतं? रडत बसला असता."

मामा खरंच रडत होते.

"म्हणून म्हटलं," आत्ती माझ्याकडे वळल्या, "ह्या पोरीला सगळं शिकवून ठेवावं. डाळ, किल्ल्या, देणंघेणं. माझी जीभ हाय तंवर. तुला वाटलं असंल, काय सासू हाय, जरा दम खाऊ देत न्हाई."

मी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

"आणि एक सांगू का? रत्नी माझ्या हातालाबी कमीच देत होती. लग्नापासनं. मला वाटलं, माझ्याच हातातली ताकद गेली. सोनीचं ओतून चरवी भरून दाखवत होते सगळ्यांना. तुला बोल लागला तरी मी गप्प बसले. बोलले असते तर सगळं बाहेर पडलं असतं. हे माझं चुकलं बघ."

मी त्यांच्या समोर मातीत बसले. डोळे पुसले. मला एक गोष्ट विचारायची होती आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

"आत्ती, मुंग्या आणखी कुठं यायच्या? भाकऱ्या थापताना?"

त्यांनी विचार केला. "न्हाई."

"पाणी शेंदताना? कपडे धुताना? झोपेत?"

"न्हाई बा."

"फक्त गोठ्यात?"

"गोठ्यातच." त्या थांबल्या. "उठताना. पाइपाला धरलं की."

"आणि पडल्यापासून, गोठ्यात येणं बंद झाल्यापासून?"

"एकदाबी न्हाई. मी म्हटलं, पलिस्तर घातलंय म्हणून दबल्या असतील."

"प्लास्टर उजव्या हाताला आहे. डावा?"

आत्तींनी डावा हात वर करून बघितला. उलटा केला, सुलटा केला. बोटं मिटली, उघडली. एखाद्या लहान मुलाचा हात तपासावा तसा त्या स्वतःचा हात बघत होत्या.

"म्हणजे मला लकवा न्हाई?"

"त्या वायरीनं होत होतं, आत्ती. तुम्ही पडलात तेही त्यानंच. सांगलीला जाऊन एकदा डॉक्टरांना दाखवू. पण मला तर वाटतं, काही नाही."

आधी त्या हसल्या. मग ते हसू मध्येच फुटलं आणि त्या डावा हात तोंडावर दाबून हुंदके द्यायला लागल्या. आक्का केव्हा आल्या होत्या कोण जाणे, त्या मागून पुढं झाल्या आणि भावजयीला त्यांनी पोटाशी धरलं.

"मेली असतीस की गं," त्या म्हणत होत्या, "मेली असतीस की त्या तारंनं, आणि आम्ही ह्या पोरीला बोल लावत बसलो असतो."

माझी माफी वगैरे काही त्यांनी मागितली नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या कुणी विचारलं की आक्का स्वतःच सांगायच्या, वायरीनं केलं ते, आमच्या सुनेनं हुडकलं. सांगताना दरवेळी थोडं वाढवायच्या. शेवटी शेवटी तर मी नुसतं बघूनच वायर ओळखली, असं झालं होतं.

दलालाला मामांनी अंगणातूनच परत पाठवलं. वायर काढून टाकली, पाइपही काढला आणि तिथं लाकडी खुंटे ठोकले. सोनी लवकरच पूर्ववत झाली. पुढं सांगलीच्या डॉक्टरांनी आत्तींचे दोन्ही हात तपासले, गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली, आणि मनगट सोडलं तर बाईंना काहीही झालेलं नाही, असं सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तातोबा गेला, म्हशी सावलीला बांधल्या, मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि सगळ्यांसाठी चहा केला. आत्तींना कप द्यायला माजघरात गेले, तर त्या खाटेवर नव्हत्या. खाली घोंगडीवर आडव्या झाल्या होत्या, उशीसुद्धा न घेता. लग्न झाल्यापासून मी त्यांना दिवसा आडवं झालेलं बघितलं नव्हतं. तोंड थोडं उघडं होतं, आणि त्या मोठमोठ्यानं घोरत होत्या.

आक्का मागून आल्या. मी त्यांना खूण केली, हळू. त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून घेतला, त्यावर झाकण ठेवलं, आणि आम्ही दोघी दार लोटून बाहेर आलो.